झाकण्याआधी तीन हाका

१

त्या उन्हाळ्यात माझं काम एवढंच होतं. सकाळी सातला नातीच्या गाडीत बसायचं, डब्याची पिशवी मांडीवर धरायची, आणि ती जिथे उतरेल तिथे आपणही उतरायचं.

नातीचं नाव अनया. ती इथेच जन्मली, इथल्याच विद्यापीठात पुरातत्त्व शिकते. नेब्रास्का राज्यात जुनं म्हणून जे जे उरलं आहे त्याची एक यादी आहे. सुट्टीत ती यादी गावोगाव फिरून तपासायचं काम तिला मिळालं होतं. मुलगा सत्यजित आणि सूनबाई कांचन दिवसभर ऑफिसात. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. मग अनयाच म्हणाली, "आबा, तू चल माझ्याबरोबर. इट विल बी फन."

असं मी ते राज्य पाहिलं. मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेकळांनी बांधलेलं घर पाहिलं. एका खोलीची शाळा पाहिली, तिच्या फळ्यावर अजून पुसट आकडे होते. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाड्या गेल्या त्यांच्या चाकोऱ्या माळावर तशाच आहेत. त्यात उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत खाली जातो. अनया फोटो काढायची आणि मी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून शेजारी उभा राहायचो, म्हणजे फोटोत उंची समजते.

"आबा, हसू नकोस. तू स्केल आहेस."

"स्केलला दात नसतात होय?"

"तुलाही फारसे नाहीत."

माळ म्हणजे नुसता माळ. वारा मात्र कधी थांबत नाही. पहिल्या आठवड्यात माझे कान दुखायचे. नंतर तो आहे हेच विसरायला झालं.

जुलैत यादीबाहेरची एक जागा निघाली. वेन नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात ट्रॅक्टरचं मागचं चाक अचानक जमिनीत गेलं. चाक काढल्यावर खाली भोक दिसलं. लिंडाबाई हॅगन, म्हणजे अनयाच्या वरच्या बाई, सामान घेऊन तिथे पोचल्या. आम्हीही पोचलो.

सगळे वाकून बघत होते. मी शेवटी वाकलो. तोंड दीड हात रुंद. आत पोट मोठं, घंटेसारखं पसरत गेलेलं. खोली दोन पुरुष तरी असावी. खालून थंड, शिळा वास आला, आणि तो वास मला ओळखीचा होता.

"अनू," मी म्हणालो, "हे तर पेव आहे."

२

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. आमच्याकडे हळद जमिनीखाली पेवात ठेवत. तोंड अरुंद, पोट मोठं. वर्ष वर्ष हळद आत राहायची, कीड लागायची नाही. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि पुढे कळत्या वयापासून पेवांवरच राबलो.

त्या कामाच्या काही रीती होत्या. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. बंद पेवातली हवा माणूस मारते, आणि तिला ना रंग ना वास. आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर एकाने उतरायचं. त्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक वरच्याच्या हातात. वरच्याने थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, "आहेस का?" खालच्याने म्हणायचं, "आहे." आणि झाकण ठेवण्याआधी, सगळे वर आलेले डोळ्यांना दिसत असले तरी, आत तोंड करून तीन हाका मारायच्या. उत्तर आलं तर झाकायचं नाही. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडलेलीही कुणी पाहिली नव्हती.

मी वरचा माणूस होतो. दोर माझ्या हातात असायचा.

अनयाने हे सगळं इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, हसतील. लिंडाबाई वहीत लिहून घ्यायला लागल्या. त्यांच्याकडे हवा तपासायचं तळहाताएवढं यंत्र होतं, तरी म्हणाल्या, दोन्ही करू. वेनने गोठ्यातून आजोबांच्या वेळचा कंदील आणला आणि तोंडावर लोखंडी घोडी उभी करून कप्पी बसवली. मातीच्या बादल्या तिच्यावरूनच वर यायच्या. उतरायची ती लिंडाबाई किंवा अनया. वेन स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "मी उतरलो तर तुम्हाला झाकण लागायचं नाही."

पहिल्या दिवशी ओक्लाहोमाहून पॉनी नावाच्या इथल्या मूळ जमातीतल्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. ही त्यांच्या पूर्वजांची वस्ती. त्यांनी आत पाहिलं, चारी बाजूंना हिंडून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "हे आमचं मक्याचं कोठार. मका काढून नेला, मग माणसं गेली. इथे कुणाला पुरलेलं नाही." जाताना त्यांनी माझ्या कंदिलाकडे पाहून मान डोलावली.

दोन दिवसांत सगळ्यांना सवय लागली. मी वरून "आहेस का" म्हणायचो आणि खालून लिंडाबाईंचं जाडंभरडं "आये" यायचं. वेन तर जेवताना डबा उघडूनसुद्धा विचारायचा, "आयेस का?"

यंत्र मात्र घोडीला लटकलेलं राहू लागलं. सकाळी एकदा आत सोडायचं, मग वर. ते मधेच चिवचिव करायचं आणि कामात अडथळा व्हायचा. आबांची हाक चालू आहे ना, मग झालं, असं सगळ्यांना वाटे. मलाही वाटलं.

३

बुधवारी दुपारी बारा-साडेबाराला काम थांबलं. लिंडाबाई वर आल्या, अनया त्यांच्या आधीच वर आली होती. दोघी ताडपत्रीच्या सावलीत डबे उघडून बसल्या. वेन ट्रॅक्टरवर, लांब, धुळीत. मी झाकण ठेवायला गेलो, कारण वेनची वासरं मोकळी होती. झाकण म्हणजे प्लायवूडचा चौकोन.

आत तोंड करून पहिली हाक मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरीला मी अर्धं झाकण ओढलंही होतं, कारण हात रिकामा ठेवायची सवय नाही.

"आहे."

मी झाकण धरून तसाच राहिलो.

आवाज मोठा नव्हता. घाबरलेला नव्हता. काम करणारा माणूस मान वर न करता उत्तर देतो तसा होता. बाईचा म्हणता येईना, पुरुषाचा म्हणता येईना. आणि तो तळातून आला नव्हता. तो बाजूने आला होता, भिंतीच्या अंगाने.

मी ताडपत्रीकडे पाहिलं. लिंडाबाई सफरचंद कापत होत्या. अनया तिच्या फोनमध्ये. मी टॉर्च आत मारला. तळाला पूर्वी अंथरलेलं, काळं पडलेलं गवत, बादली, एक ब्रश. दुसरं काही नाही, आणि दुसरं काही मावेल अशी जागाही नाही.

घुमला असेल, मी स्वतःला सांगितलं. पण पेवात आवाज घुमत नाही. माती आवाज पिते, म्हणून तर सारखी हाक मारावी लागते. आणि घुमला असता तर माझेच शब्द परत आले असते. मी विचारलं होतं, आहेस का. परत आलं ते उत्तर होतं.

मग मला कळलं की मघापासून वारा ऐकू येत नाहीये. गवत वाकत होतं, ताडपत्री फडफडताना दिसत होती, पण कानात काही नव्हतं. मी एक पाऊल मागे आलो आणि वाऱ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"आबा, लिड लाव आणि ये ना, पोळी गार होतेय," अनया ओरडली.

"राहू दे उघडं," मी म्हणालो. "हवा खेळू दे."

झाकण अर्धंच राहिलं. वेनला सांगून भोवती दोरी बांधून घेतली. कारण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

४

परत येताना गाडीत मी अनयाला मल्लूबद्दल सांगितलं. ती एकवीस वर्षांची झाली तरी हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या बापालाही अर्धंच माहीत आहे.

मल्लू माझा धाकटा भाऊ. लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्या दिवशी तो खाली होता आणि मी वर. कंदील नीट जळला होता. मी हाका मारत होतो आणि तो उत्तर देत होता. अर्धा तास असं चाललं. मग पोतं भरून वर येईना म्हणून मी दोर ओढला, तर दोर जड लागला. वर काढला तेव्हा मल्लू गेलेला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी हातपाय पाहून सांगितलं, उतरल्या उतरल्याच गेला असणार, अर्धा तास तरी झाला.

"बट तो आन्सर करत होता ना?"

"हो."

"मग डॉक्टर राँग असेल, आबा."

"लोकही तेच म्हणाले. काही म्हणाले मीच ऐकायला चुकलो."

रस्ता सरळ, दोन्हीकडे मका. अनयाने एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मी प्रत्येक वेळी उत्तर देईन. प्रॉमिस. ओके?"

"उत्तराचं सोड," मी म्हणालो. "दोर काढू नकोस कमरेचा."

"दोर इज सो अनकम्फर्टेबल, यार."

"मी यार नाही, आजा आहे तुझा."

ती हसली. दुपारचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लिंडाबाईंना सांगितलं असतं, आणि म्हाताऱ्याला ऊन लागलं म्हणून मला घरी बसवलं असतं. मग दोर कुणी धरला असता? हा विचार मी तेव्हा केला. तो बरोबर होता का, हे मला आजही ठरवता येत नाही.

गुरुवारी अनया खाली असताना तिने भिंतीवर ब्रशचा दांडा वाजवला. एके ठिकाणी पोकळ वाजलं. ती खूश झाली. लिंडाबाई वरून म्हणाल्या, अशी कोठारं एकमेकांना खेटून असतात, एक भरलं की शेजारी दुसरं खणत. पलीकडचं बहुधा बंदच राहिलं असेल, कधी उघडलेलंच नसेल.

"कुठल्या अंगाला?" मी विचारलं.

अनयाने हात दाखवला. बुधवारी उत्तर आलं होतं ते त्याच अंगाने.

५

शुक्रवारी चार वाजता वादळ येणार असा फोनवर इशारा होता. पश्चिमेला आभाळ जांभळं झालं होतं. लिंडाबाई म्हणाल्या, भिंतीला आज हात लावायचा नाही, फक्त चित्र काढायचं आणि फोटो घ्यायचे, मग वाळूच्या पोत्यांनी तोंड बंद करून निघायचं. यंत्र सकाळी आत सोडलं होतं, हवा चांगली होती.

दोन वाजता अनया उतरली. शिडी वर काढून घेतली, कारण अरुंद तोंडातून उजेड अडत होता. दोर तिच्या पट्ट्याला, कप्पीवरून माझ्या हातात.

"आहेस का?"

"आहे रे आबा!"

थोड्या वेळाने पुन्हा.

"आत्ताच विचारलंस! दोन मिनिटं पण नाही झाली."

वेन हसला. त्याला शब्द कळत नव्हते, सूर कळत होता.

पुन्हा विचारलं तर खालून नुसतं "अं अं" आलं, मग, "तोंडात पेन्सिल होती. आहे, आहे."

त्यानंतर माती सुटल्याचा आवाज झाला. मोठा नाही. सुपातून पसाभर दाणे पडावेत तेवढाच.

"अनू? आहेस का?"

"आहे."

लिंडाबाईंनी वहीतून मान वर केली होती, ती पुन्हा खाली घातली. वेन पोती मोजत होता. मी मनात शंभर आकडे मोजले.

"आहेस का?"

"आहे."

आवाज अनयाचाच होता. मी तो आवाज ती पाळण्यात असल्यापासून फोनवर ऐकला आहे. पुन्हा शंभर मोजले, पुन्हा विचारलं.

"आहे."

वेन म्हणाला, "आज पोरगी शहाण्यासारखी वागतेय."

मी दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला, का ते मला आधी कळेना. उत्तर येत होतं. वेळेवर येत होतं. दोर हातात होता. मी चौथ्यांदा विचारलं, पाचव्यांदा विचारलं.

"आहे."

"आहे."

तेव्हा मला उमगलं. जिवंत माणूस दर वेळी सारखं उत्तर देत नाही. कधी चिडतो, कधी धापा टाकतो, कधी तोंडात काही असतं, कधी उशीर करतो. ही पाचही उत्तरं एकाच उंचीची होती, एकाच लांबीची, माझा शब्द संपल्यावर बरोबर तितक्याच वेळाने आलेली. पन्नास वर्षांपूर्वी मल्लूची उत्तरं अशीच होती. ते मला त्या दिवशी ऐकू आलं होतं, आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता. मला वाटलं होतं, मल्लू आज मन लावून काम करतोय.

गवत आडवं पडत होतं. वारा ऐकू येत नव्हता.

मी दोराला दोनदा झटका दिला. खालून झटका आला नाही. मग मी विचारलं, आणि माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

"अनू, आज डब्यात काय आणलं होतं आपण?"

बरोबर तितक्याच वेळाने उत्तर आलं.

"आहे."

"ओढा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

लिंडाबाई उठल्या. "आबा, ती उत्तर देतेय. ठीक आहे ती."

"ओढा."

वेनने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दोराला हात घातला. दोर जड होता. किती जड असतो ते माझ्या हातांना माहीत होतं. पन्नास वर्षं ते विसरले नव्हते.

६

तोंडाशी तिचे केस आले, मग कपाळ. मान एका बाजूला पडलेली. ओठ जांभळे, आभाळाच्या रंगाचे. वेनने काखेत हात घालून तिला बाहेर घेतलं आणि गवतावर आडवं केलं. घोडी हलल्याने तिला लटकलेलं यंत्र भोकात झुललं आणि किंचाळायला लागलं.

लिंडाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि तिच्या तोंडात श्वास भरू लागल्या. वेन फोनवर रस्त्याचा नंबर सांगत होता, त्याचा आवाज फाटला होता. मी तिची पावलं धरून बसलो. दुसरं काय करावं मला कळेना. पावलं थंड होती. मी ती चोळत राहिलो, लहानपणी एकदा ती हरिपूरला आली होती तेव्हा थंडीत चोळायचो तशी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. अनयाने खोकला काढला. मग दुसरा. मग एक लांब, घरघरता श्वास आत ओढला. लिंडाबाई रडत हसल्या. वेनने यंत्र उपटून बंद केलं आणि एकदम शांत झालं.

त्या शांततेत भोकातून आवाज आला.

"आहे."

अनयाच्या आवाजात. अनया माझ्यासमोर गवतावर पडली होती, तिचा जबडा लिंडाबाईंच्या हातात होता, आणि तिचे ओठ हलले नव्हते. हाक कुणीच मारली नव्हती.

लिंडाबाईंचे हात जागच्या जागी थांबले. वेनने भोकाकडे पाहिलं, मग अनयाकडे, मग पुन्हा भोकाकडे. त्याने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आहे," पुन्हा आलं. आणि थोड्या वेळाने, तितक्याच थोड्या वेळाने, पुन्हा.

मी गुडघ्यांवर सरकत भोकाशी गेलो. जायला नको होतं. पण वरच्या माणसाने शेवटी आत पाहायचं असतं. श्वास रोखून टॉर्च मारला. भिंतीची माती पडली होती आणि तिथे पावाएवढं भगदाड पडलं होतं. पलीकडे काळं. त्या भगदाडात अनयाची पिवळी पेन्सिल पडलेली होती, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. मी पाहत असताना ती हलली. जरा आत गेली आणि थांबली. मग आणखी जरा. घाई नव्हती. जनावर वैरणीची काडी तोंडात ओढतं तशी ती आत गेली, आणि मागचं रबर दिसेनासं झालं.

मी टॉर्च बंद केला.

७

अनया दोन दिवस हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-पाच मिनिटं गेली असती तर काही सांगता आलं नसतं. सत्यजितने माझा हात धरून ठेवला होता. तो लहान असताना मी त्याचा धरायचो, आता तो माझा धरतो.

अनयाला बोलता आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आबा, मी प्रॉमिस मोडलं. माती पडली आणि मला चक्कर आली. आफ्टर दॅट मी एकदाही उत्तर दिलं नाही. माझं तोंडच उघडत नव्हतं."

"राहू दे, बाळ."

"तुझी हाक ऐकू येत होती. पण प्रत्येक वेळी माझ्या शेजारून कुणीतरी उत्तर द्यायचं. अगदी कानाजवळून. मला वाटलं, चला, आबाला कुणीतरी सांगतंय. मग मी कशाला बोलू. आय जस्ट वॉन्टेड टू स्लीप."

"ऑक्सिजन कमी झाला की असे भास होतात," सत्यजित म्हणाला. "डॉक्टर म्हणाले मला."

"होत असतील," मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी कोठार बुजवायचं ठरलं. पलीकडचं उघडायचं नाही असं लिंडाबाईंनी कागदावर लिहून दिलं. कारण हवेचं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. अनया आलीच. कांचनने गाडी चालवायला नको म्हटलं तरी तिनेच चालवली. पण भोकाजवळ ती आली नाही. रस्त्यावर गाडीत बसून राहिली, काच वर करून.

वेन लोडरच्या सुपात वाळू भरून तयार होता. त्याने आज एकही चेष्टा केली नव्हती. लिंडाबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्या तीन हाका." त्या रीतीला मान देत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मात्र दुसरं काही होतं. त्यांनाही उत्तर ऐकायला नको होतं, आणि न विचारता बुजवणंही जमत नव्हतं.

मी कडेला जाऊन उभा राहिलो. आत अंधार होता, तो जुना वास होता. कानातला वारा गेला.

मल्लूला बाहेर काढलं त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घाटावर गेलो होतो. पेवाचं झाकण दुसऱ्याच कुणीतरी ठेवलं. त्याने तीन हाका मारल्या होत्या का, हे मी कधी विचारलं नाही. मल्लू तर वर आला होता. वर आलेल्याला खाली कोण हाक मारणार? पुढे कृष्णेच्या महापुरात ते पेव गेलं, आणि विचारण्यासारखं कुणी उरलं नाही.

मी तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर आला. खाली कुणीतरी ऐकायला थांबलं आहे, असं मला वाटलं. डोकं वर न करता, हातातलं काम न थांबवता.

हाक मारली असती तर उत्तर आलं असतं. कुणाच्या आवाजात आलं असतं ते मला माहीत नाही. अनयाच्या आलं असतं, नाही तर मल्लूच्या. आणि उत्तर आलं की झाकायचं नसतं.

मी तोंड मिटलं. मागे वळून वेनला हात केला. टाक.

लिंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाळूचा पहिला लोट आत गेला, मग दुसरा, मग माती. वेन लोडर मागेपुढे करत राहिला, इंजिनाचा आवाज मोठा होता, आणि त्याने तो मुद्दाम मोठा ठेवला होता असं मला वाटतं. जमीन सपाट होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

गाडीत बसलो तेव्हा अनयाने किल्ली फिरवली नाही. समोर बघत विचारलं, "हाका मारल्यास?"

"मारल्या."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "रिकामं होतं."

तिने मोठा श्वास सोडला आणि गाडी सुरू केली. मका दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागला. मी तिच्या मनगटावर हात ठेवला, नाडी लागते तिथे, आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.